घर आणि संसार : ओल कोठून येते?

घराला आग लागली तर सारा गाव धावून येतो. ओल लागली तर मात्र घरातील माणसांच्याही ती लवकर ध्यानात येत नाही. प्रथम कपाटातील लुगड्यांना कुबट वास येऊ लागतो. मग तसबिरीमागे भिंत काळवंडते. जोत्यालगतच्या गिलाव्याला लोणा लागून त्याचे पोपडे सुटतात. आणि रात्री अंथरुणावर पडले की लहान मूल खोकू लागते. मग रंगारी बोलावला जातो. नवा रंग चढतो, चार महिने भिंत शोभते, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच डाग त्याच जागी, पूर्वीपेक्षा हातभर वाढून परत येतो. पैसा वाया जातो, कारण रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेलेला असतो : ही ओल कोठून येते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज आपण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांकडे जाऊ. तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापिली, ती १८५५ पर्यंत चालली. आणि ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते अशी कुटुंबे त्या मुलखात आजही आहेत. परंतु तेथे जावयाचे आपले कारण इतिहासाचे नाही. घरात ओल शिरण्याच्या जेवढ्या म्हणून वाटा आहेत, तेवढ्या सगळ्या त्या प्रदेशातील एकेका गावात पाहावयास सापडतात. आणि त्या अडविण्याचे जुने व नवे उपायही तेथे शेजारी शेजारी उभे आहेत.

पाऊस बेताचा, ओल उदंड

कोकणात राहणाऱ्या वाचकांना ऐकून नवल वाटेल की, तंजावरचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. रत्नागिरीला याच्या तिप्पट पाऊस पडतो. मग ओलीची एवढी तक्रार तेथे का असावी?

याची कारणे दोन. पहिले कारण पावसाच्या ऋतूचे. आपल्याकडे पाऊस मृगाला सुरू होतो आणि हस्ताबरोबर संपत येतो. तंजावराकडे जून ते सप्टेंबर या महिन्यांत सरी येऊन जातात; खरा पावसाळा येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येच्या वाऱ्याबरोबर. तंजावरच्या वर्षभराच्या पावसाचा निम्म्याच्या आसपास भाग या तीन महिन्यांत पडतो, आणि किनाऱ्यावरील नागपट्टणमकडे त्याहूनही अधिक. दिवस लहान होत आलेले असतात, ऊन मंदावलेले असते, हवा दमट असते. त्यामुळे भिजलेली भिंत वाळावयास फुरसत मिळत नाही.

दुसरे कारण जमिनीचे. कोकणातील पाणी डोंगरावरून येते आणि ओढ्यानाल्यांतून समुद्राला मिळते. कावेरीचे खोरे समुद्राजवळ जाताना तळहातासारखे सपाट होते. नदी अनेक फाट्यांनी पसरते, त्या फाट्यांतून कालवे निघतात आणि कालव्यांतून पाटचाऱ्या. मेट्टूरचे धरण १९३४ मध्ये पुरे झाले, तेव्हापासून १२ जून हा त्या धरणाचे पाणी खालच्या शेतांसाठी सोडण्याचा रूढ दिवस ठरला आहे. वर पाऊस बेताचा झाला तर तो पुढे जातो. एकदा पाणी सुटले की भाताची खाचरे महिनोन् महिने भरलेली राहतात. जमीन गाळाची आणि चिकण, पाणी खाली उतरू न देणारी. अशा खाचरांच्या मधोमध, थोड्याशा उंचवट्यावर, गाव वसलेले असते. म्हणजे त्या गावातील घर पावसाळ्यात जणू ओल्या फडक्यावर ठेवलेले असते. किती पाऊस पडतो यापेक्षा पडलेले पाणी किती काळ थांबते, यावर घराची ओल अवलंबून असते, हा या मुलखाचा पहिला धडा होय.

जुन्या घरांची समजूत

या धड्याचे ज्ञान तेथील जुन्या घरांच्या रचनेत साठविलेले आहे. शेतमजुराची झोपडी मातीच्या भिंतींची आणि नारळाच्या विणलेल्या झावळ्यांच्या किंवा भाताच्या पेंढ्याच्या छपराची. विणलेल्या झावळ्यांना तमिळमध्ये कीट्रु म्हणतात. आपल्याकडे कोकणात त्यांनाच झाप म्हणतात. हे छप्पर चांगले उभट असते, कारण झापांवर पाणी रेंगाळले की ते झिरपलेच. त्याची वळचण इतकी खाली उतरते की माणसाला वाकूनच आत जावे लागते. ही वळचण म्हणजे मातीच्या भिंतीची छत्री. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि वाऱ्याने उडालेली पावसाची झड भिंतीपर्यंत पोहोचत नाही. चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर जातो. त्याने झाप कोरडे राहतात आणि त्यांना कीडही कमी लागते. झापांच्या थरांत हवा कोंडलेली असल्यामुळे उन्हाळ्यात घर थंड राहते.

थोड्या सुखवस्तू घरांची रीत निराळी. कुंभकोणम वा मन्नारगुडीकडील अग्रहारात घरे भिंतीला भिंत लावून रांगेने उभी असतात. रस्त्यालगत उंच ओटा, त्याला तिण्णै म्हणतात; आत माजघर, म्हणजे कूडम; आणि मध्ये आकाशाला उघडा चौक, म्हणजे मुट्रम. चारही बाजूंच्या कौलांचे पाणी या चौकात उतरते. पूर्वी तेथे पितळेची मोठी भांडी ठेवून ते पाणी साठवीत. घरातील स्वयंपाकाची वाफ, ओल्या कपड्यांचा दमटपणा आणि माणसांच्या श्वासाचा उबारा या चौकातून वर निघून जातो. चौक हे अशा घराचे नाक आहे. पावसाळ्यापूर्वी चौकाची मोरी साफ करणे, हे त्या घरातील वर्षाचे एक ठरलेले काम असे. कारण मोरी तुंबली तर चारी छपरांचे पाणी माजघरात शिरणार.

ही घरे निर्दोष होती, असे कोणी समजू नये. झापांचे छप्पर दर एक-दोन वर्षांनी नव्याने शाकारावे लागते, आणि हा खर्च सर्वांत गरीब माणसाच्या माथी येतो. त्याला एक ठिणगी पुरते. आणि वादळापुढे ते टिकत नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गज’ हे चक्रीवादळ नागपट्टणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले, तेव्हा झोपड्यांची छपरे तर उडालीच. शिवाय पट्टुकोट्टै आणि पेरावूरणीकडील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. ज्या माडांवरून नवे झाप मिळावयाचे, ते माडच राहिले नाहीत. म्हणून मातीच्या झोपडीचे गोडवे गाऊन पक्क्या घराला नावे ठेवणे, हा ज्याला झोपडीत राहावे लागत नाही त्याचा छंद आहे. प्रश्न एवढाच की, झोपडी सोडताना तिच्यातील शहाणपण मागे राहता कामा नये.

पक्के घर आणि नवी ओल

तामिळनाडूत २०१० साली झोपड्यांच्या जागी काँक्रीटच्या छपराची घरे उभारण्यासाठी सरकारने मोठी योजना काढली. २०११ पासून तीनशे चौरस फुटांच्या, सौर दिव्यांच्या घरांची योजना आली. २०२४ मध्ये ‘कलैञरिन् कनवु इल्लम्’ ही योजना सुरू करून २०३० पर्यंत राज्यात झोपडी उरू नये, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. आपल्याकडेही घरकुल योजनांतून अशीच घरे गावोगाव उभी राहिली आहेत. अशा घरात सरकारी साहाय्यात स्वतःची भर घालून, प्रसंगी दागिना मोडून, कुटुंब आपली आयुष्याची मिळकत ओतत असते. दुसऱ्यांदा घर बांधण्याची ऐपत त्याला सहसा येत नाही. त्यामुळे त्या घराला लागलेली ओल ही केवळ भिंतीच्या शोभेची बाब राहत नाही.

काँक्रीटच्या घराची प्रकृती झोपडीहून अगदी वेगळी. त्याला आग लागत नाही, ते उडून जात नाही. परंतु सपाट छपरावरील पाणी आपोआप ओघळत नाही, वळचण नसल्यामुळे झड थेट भिंतीवर बसते, छप्पर श्वास घेत नाही आणि उन्हाने तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतो. किनाऱ्याजवळ आणखी एक संकट असते. बांधकामात खाऱ्या विहिरीचे पाणी किंवा समुद्राकाठची वाळू वापरली, अथवा सळईवर काँक्रीटचे आवरण एक इंचाहून कमी राहिले, तर खारट ओल सळईपर्यंत पोहोचते. गंजलेले लोखंड फुगते आणि फुगताना काँक्रीटचे ढलपे खाली पाडते. छतातून सळई दिसू लागली की घर म्हातारे झाले असे लोक म्हणतात. वस्तुतः ते बांधतानाच आजारी झालेले असते. म्हणून घर बांधले जात असताना घरच्या माणसाने समोर उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात : पाणी गोडे आहे ना, आणि स्लॅब टाकल्यावर किमान आठ-दहा दिवस त्यावर पाणी मारले जाते ना. या दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही, लक्ष लागते.

ओलीच्या चार वाटा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरात ओल चार वाटांनी येते : वरून, खालून, बाजूने आणि आतून. कोणत्या वाटेने ती आली, हे डागाची जागा व वेळ पाहून बहुतेक वेळा घरच्या घरी ओळखता येते.

डाग छतावर किंवा छताच्या कोपऱ्यात असेल आणि पाऊस थांबल्यावर काही दिवसांनी फिका पडत असेल, तर पाणी वरून येत आहे.

डाग जमिनीपासून सुरू होऊन गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीपर्यंत आडव्या रेषेत थांबत असेल, रेषेवर पांढरी भुकटी दिसत असेल आणि उन्हाळ्यातही तो पुरता जात नसेल, तर ओल खालून चढत आहे. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी वीट जमिनीतील पाणी वर ओढते. त्याबरोबर क्षारही येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हाच लोणा.

डाग खिडकीच्या बाजूस किंवा एकाच दिशेच्या भिंतीवर असेल आणि वाऱ्यापावसाच्या दिवशी वाढत असेल, तर ती झड होय. तंजावराकडे ही भिंत बहुधा उत्तरेची वा पूर्वेची असते, कारण तेथे पाऊस ईशान्येकडून येतो. आपल्याकडे ती पश्चिमेची वा नैर्ऋत्येची असते. घराला लागून मोरी किंवा न्हाणीघर असेल, आणि डाग पावसाशी संबंध न ठेवता बारमाही असेल, तर नळ गळत आहे असे समजावे.

चौथी वाट सर्वांत फसवी. स्वयंपाक, भात उकडणे, न्हाणे, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड भिंतीवर बसते आणि तेथे बुरशी धरते. कपाटामागे, पलंगामागे, जेथे हवा खेळत नाही तेथे हे काळे ठिपके दिसतात.

खालची ओल की आतली वाफ, असा संशय राहिला तर एक सोपी परीक्षा आहे. वीतभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन-तीन दिवसांनी पाहावा. दव तुकड्याच्या बाहेरच्या अंगावर असेल तर ती खोलीतील वाफ. भिंतीकडील अंगावर असेल तर ओल भिंतीतून येत आहे. एवढी परीक्षा केल्यावाचून गवंड्याला किंवा कंत्राटदाराला बोलावू नये.

छप्पर : ओल आणि उष्णता यांचा एकच इलाज

छपराच्या बाबतीत तामिळ देशाकडून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथील जुन्या वाड्यांत लाकडी वाशांवर पातळ विटा उभ्या आणि तिरप्या ओळींत, चुन्यात बसवीत. वर विटांच्या तुकड्यांचा व चुन्याचा कोबा आणि त्यावर सपाट कौले. यालाच मद्रास टेरेस म्हणतात. आज वाशांच्या जागी काँक्रीटचा स्लॅब आला, परंतु वरचा कोबा तामिळनाडूच्या बांधकामात टिकून राहिला. त्याचे प्रमाण साधारण असे : विटांच्या तुकड्यांचे पाच भाग आणि निवळ कळीच्या चुन्याचे दोन भाग, वाळू मुळीच नाही. हा थर सरासरी तीन इंच जाड पसरून लाकडी थापीने कित्येक दिवस चोपतात. जुन्या पद्धतीत चोपताना गुळाचे आणि कडुक्कायचे, म्हणजे आपल्या हिरड्याचे, पाणी शिंपडतात. चुना घट्ट धरण्यासाठी हे पाणी वापरण्याची चाल आपल्याकडील जुन्या गवंड्यांनाही ठाऊक होती. शेवटी दाबीव मातीच्या फरश्या बसवून त्यांच्या सांधी भरतात.

या थराने दोन कामे साधतात. त्याला दर दहा फुटांस दीड इंच असा उतार दिला म्हणजे पाणी पन्हळीकडे निघून जाते. आणि विटांच्या तुकड्यांत हवा असल्यामुळे ऊन स्लॅबपर्यंत लवकर पोहोचत नाही. उष्णता अडविणारी प्रत्येक वस्तू, मग ती पेंढ्याचा थर असो, इटकोबा असो की हल्ली मिळणारे हलक्या फेसाचे तक्ते असोत, आपल्या पोटातील कोरड्या हवेच्या जोरावर काम करीत असते. पाणी हे स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे असा थर एकदा भिजला की त्याचा गुण गेला. पावसाळी प्रदेशात आधी पाणी आणि मग ऊन, हा क्रम बदलता येत नाही. गळक्या छपरावर उष्णतारोधक थर बसविण्याची घाई करू नये. आणि बसवावयाचाच तर त्याच्या आधी पाणी अडविणारा थर घालून घ्यावा.

ज्यांच्या घरावर अजून झाप किंवा पेंढा आहे त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. गळतीवर तात्पुरता उपाय म्हणून छपरावर प्लास्टिकचा कागद अंथरतात. मुसळधार पावसात तो उपयोगी पडतो. परंतु पाऊस उघडताच तो काढून छपराला हवा द्यावी. कागदाखाली वाफ कोंडली की झाप आतून कुजतात, आणि एका पावसाळ्याची सोय पुढच्या पावसाळ्याचे छप्पर खाऊन टाकते.

जोते : अडवा आणि वाळू द्या

खालून चढणाऱ्या ओलीवर खरा इलाज घर बांधतानाच होतो. जोते गावातील नेहमीच्या पुराच्या खुणेहून उंच घ्यावे आणि भिंत उचलण्यापूर्वी जोत्याच्या माथ्यावर दाट काँक्रीटचा दीड इंचाचा अखंड पट्टा घालून त्यावर डांबराचा हात द्यावा. हा पट्टा भिंतीच्या पूर्ण रुंदीभर असावा. एका कोपऱ्यात जरी तो तुटला तरी ओल तेथूनच वर चढते.

बांधून झालेल्या घरात काय करावे? प्रथम कुदळ हाती घ्यावी. वर्षानुवर्षे अंगण सारवून, भराव घालून बाहेरची जमीन पुष्कळदा जोत्याच्या वर चढलेली असते; ती खरवडून खाली आणावी. भिंतीलगत दोन-अडीच फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरसबंदी पट्टा करावा आणि पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्यावे. भिंतीला टेकून लावलेली फुलझाडे हलवावीत. एवढ्याने निम्मी घरे बरी होत नसली, तरी ज्या घरांचे दुखणे एवढेच आहे त्यांचा मोठा खर्च वाचतो.

त्यानंतर गिलाव्याकडे पाहावे. लोणा लागलेला गिलावा डागाच्या वर हातभर जाईपर्यंत खरवडून काढावा, भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी, आणि शक्य तेथे चुन्याचा गिलावा करून चुन्याचाच हात द्यावा. ओल्या भिंतीवर सिमेंटचा कठीण गिलावा, तेलरंग किंवा चकचकीत फरश्या लावणे, ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ओल भिंतीतच राहते. तिला बाहेर पडावयास जागा मिळत नाही, म्हणून ती आणखी वर चढते. चुना ओलीला वाट देतो आणि वाळूही देतो. जुन्या मातीच्या वा चुन्याच्या भिंतीला तर चुन्याखेरीज दुसरे काही सोसत नाही.

ओल याउपरही चढत राहिली तर भिंतीच्या पायथ्याशी चार-पाच इंचांच्या अंतराने भोके पाडून त्यांत पाणी दूर सारणारे रसायन भरण्याची सोय आता शहरांतून मिळते. विटांच्या भिंतीत हा उपाय चालतो. मात्र बाहेरचे पाणी दूर नेलेले नसेल तर त्याचा भरवसा धरू नये.

धान्य, कागद आणि श्वास

ओलीने भिंतीच बिघडतात असे नाही. कावेरीच्या गावात घराची श्रीमंती भातात असते. कुरुवै भाताची कापणी पावसाच्या तोंडावर येते, आणि ओल्या भाताची चिंता दारी उभी राहते. सरकारी खरेदी केंद्रावर सतरा टक्क्यांपर्यंत ओल चालते. पावसाळी हंगामात ही मर्यादा बावीस टक्क्यांपर्यंत सैल करावी, अशी मागणी तेथून वारंवार होत आली आहे. घरात दीर्घकाळ साठवावयाच्या भातात तर ओल चौदा टक्क्यांहून कमीच असावी. तेथील जुन्या घरांतील पत्तायम म्हणजे लाकडी कोठार पायांवर उभे असे आणि कुदिर म्हणजे मातीची कणगी जमिनीला टेकवीत नसत. पापनाशम येथे नायक राजांच्या काळातील विटांचे एक प्रचंड गोल कोठार देवळाच्या आवारात अजून उभे आहे. त्याच्या घुमटावर पाणी थांबावयास जागाच नाही. आपणही पोती भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नयेत. खाली फळ्या आणि मागे वीतभर मोकळी जागा सोडावी.

कागदांच्या बाबतीत तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाकडे पाहावे. सरफोजीराजे दुसरे यांनी वाढविलेला हा संग्रह १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. तेथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. ताडपत्रे आणि कागद यांचे रक्षण करण्यासाठी वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर यांची पुरचुंडी ठेवण्याची पद्धत तेथे चालत आली. आपल्या घरातील सातबारा, खरेदीखत, मुलांच्या शाळेचे दाखले यांच्या पेटीतही वेखंडाची पुरचुंडी ठेवता येईल. परंतु एक लक्षात असू द्यावे : वेखंडाने कीड दूर राहते, ओल जात नाही. ओलीसाठी पेटी बाहेरच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावी, आणि पाऊस संपताच एक कोरडा दिवस पाहून कागद सावलीत हवेवर टाकावेत.

आणि सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे लहान मुलांची छाती. दमट आणि बुरशी धरलेल्या घरांत दमा व श्वासाचे विकार अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करताना स्पष्ट केले आहे. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये. तिचे कण हवेत उडतात. नाकातोंडाला फडके बांधून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने ती पुसावी आणि ते फडके टाकून द्यावे. स्वयंपाकघरात धूर व वाफ बाहेर जाण्यास वरच्या बाजूस झरोका असावा. पावसाळ्यातही समोरासमोरच्या दोन खिडक्या दिवसातून काही वेळ उघडाव्यात. पलंग आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. ज्या घरांना चौक नाही, त्यांनी आपल्या घराचे नाक कोठे आहे ते शोधावे.

कारागीर बोलावताना

ओल अडविण्याचा धंदा करणारी माणसे आता तालुक्याच्या गावीही मिळतात. त्यांपैकी पुष्कळ आपल्या कामात निष्णात असतात. परंतु गिऱ्हाईक अजाण असले की निष्णात माणूसही सोपे काम शोधतो. म्हणून त्यांच्याशी बोलताना पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली : ओल कोणत्या वाटेने येते, हे त्यांनी पाहून सांगितले काय? भिंत न पाहता चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्याला नमस्कार करावा.

दुसरी : रंगाच्या आधी ते काय करणार? खरवडणे, वाळविणे, भेगा भरणे, उतार काढणे यांपैकी काहीच नसेल, तर तो नुसता रंगच आहे, त्याचे नाव काहीही असो.

तिसरी : छपराचे काम झाल्यावर पन्हळीची तोंडे बंद करून दोन-तीन दिवस छतावर पाणी उभे करून दाखवाल काय? आत एक थेंबही दिसला नाही म्हणजे शेवटचा हप्ता द्यावा.

चौथी : किती वर्षांची हमी, आणि ती कागदावर लिहून देणार काय?

कामाची वेळही आपण ठरवावी. तंजावराकडे हे काम पोंगलनंतर, भिंती वाळू लागल्यावर हाती घेणे बरे. आपल्याकडे ते दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आत पुरे करावे. डोक्यावर ढग आल्यावर केलेली डागडुजी ही ओल आत कोंडण्याचीच व्यवस्था असते.

घर लहान असो वा मोठे, त्याची सर्वांत चांगली देखरेख त्यात राहणाऱ्या माणसाच्या नजरेने होते. पुढचा पाऊस पडून गेला की घराभोवती एक फेरी घालावी. पाणी कोठे थांबते, पागोळी कोठे पडते, कोणती भिंत शेवटी वाळते, हे पाहून एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. एका पावसाळ्याच्या अशा नोंदी गवंड्यासमोर ठेवल्या तर त्याचे निम्मे काम होते, आणि आपले पैसे जेथे खर्च व्हावयास हवेत तेथेच खर्च होतात.